शिकाऊ उमेदवारीसाठी 'ट्रेड' कशाला म्हणायचं?

अंबड_प्रेसशॉप:
अंबड एमआयडीसीत शीटमेटलचं युनिट आहे, कंत्राटी धरून ४० माणसं. शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. त्यांना थेट प्रेसवर (शीट दाबून कापणारं, आकार देणारं मशीन) बसवलं तर चालेल का? कुठलं काम शिकाऊ उमेदवारीजोगं, म्हणजे 'ट्रेड', हे ठरवायचं कसं?

टूलरूम_सातपूर:
प्रेसमध्ये पार्ट ठेवणं-काढणं हा ट्रेड नव्हे. सेफ्टी धरून पंधरा दिवसांत हात बसतो, पुढे वर्षभर तोच स्ट्रोक. पोरगं उद्या दुसरीकडे गेलं तर सोबत काय नेणार?

डाय (प्रेसमधला कापायचा साचा) बसवणं आणि दुरुस्त करणं, हा ट्रेड. २ मिमी एमएस (माइल्ड स्टील) शीट धरा. पंच (वरून डायमध्ये उतरून कापणारा भाग) आणि डाय यांच्यातला क्लिअरन्स, म्हणजे फट, दर बाजूला जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे ०.१ ते ०.२ मिमी. जास्त ठेवला की बर (कापलेल्या कडेला राहणारी खरखरीत कोर) वाढतो, फार कमी ठेवला की पंच लवकर झिजतो. बर एकाच बाजूला येत असेल तर आधी पंच-डायचं अलाइनमेंट बघा. सगळीकडे सारखा आणि हळूहळू वाढत गेला असेल तर धार गेलीय, ग्राइंडिंगला काढा. पार्टवर बोट फिरवून कारण सांगता येण्यासाठी बऱ्याच डाय हाताखालून जाव्या लागतात. डाय सेटरच्या हाताखाली पोरं द्या.

आयटीआय_निदेशक:
१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात फिटर, टर्नर, टूल अँड डाय मेकर असे नेमून दिलेले ट्रेड आहेत, त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. २०१४ च्या दुरुस्तीने ऐच्छिक ट्रेड आले. त्यात काम तुम्ही ठरवता, मुदत ६ ते ३६ महिने. ३० किंवा जास्त माणसं असली की उमेदवार घेणं बंधनकारक, प्रमाण एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. तुम्हाला किमान १, जास्तीत जास्त ६. एकच डाय सेटर असेल तर सहा घेऊ नका, त्यांना शिकवणार कोण?

निफाड_बागाईतदार:
मशीन असलं तरच ट्रेड, असं मात्र धरू नका. द्राक्षाची छाटणी बघा. ऑक्टोबरात काडी (वेलीची पिकलेली फांदी) तपासणीच्या अहवालात घड कितव्या डोळ्यात (काडीवरच्या कळीत) आहे ते कळतं, पण उन्हातली काडी आणि सावलीतली काडी सारखी नसते. कात्री कुठे लावायची ते प्रत्येक काडीपाशी ठरवावं लागतं. घडाच्या डोळ्याखाली कापलं की वांझ फूट, घड येतच नाही. फार वर कापलं की शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात, घडाचा डोळा मागे राहतो. शिवाय घड डोळ्यात तयार होतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (तेव्हा वेल आखूड कापून नव्या काड्या वाढवतात). तेव्हा काड्यांची गर्दी ठेवली तर त्याचा फटका ऑक्टोबरात दिसतो. म्हणून इथे सहा महिन्यांची उमेदवारी अपुरी. एप्रिलला सुरू करा आणि घड काढणीला येईपर्यंत ठेवा.