मदत हवी आहे: वापरलेला सिस्को स्विच घरी आणला, पासवर्ड माहीत नाही, आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं करायचं आहे

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर आहे. घरातल्या दोन आणि पोफळीच्या आगरातल्या कॉटेजमधल्या दोन अशा चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. वायफाय, कॅमेरे, इन्व्हर्टर हे सगळं मीच बघते. शिक्षण यातलं नाही, करत करत शिकले.

गेल्या मे महिन्यात एका पाहुण्यांचा मुलगा फोन घेऊन माझ्याकडे आला. आमच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं लॉगिनचं पान त्याला त्याच्या फोनवर दिसत होतं. त्याने चांगल्या मनाने दाखवलं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. आमचे फोन, बुकिंगचा कॉम्प्युटर, कॅमेरे आणि रोज बदलणारे अनोळखी लोक, सगळे एकाच जाळ्यात होते. व्हीलॅन (एकाच जाळ्याचे आतून पाडलेले वेगळे भाग) करून हे वेगळं करता येतं असं वाचलं. दीर मुंबईला असतात, त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून सिस्को कॅटॅलिस्ट २९६०-एक्स हा स्विच (अनेक लॅन वायरी एकत्र जोडणारी पेटी) घेऊन एसटीने पाठवला. २४ पोर्ट, सगळे पीओई (लॅन वायरीतूनच वीजही देणारे), ३७० वॅटचा. साडेआठ हजार पडले.

आता अडचणी सांगते.

लॅपटॉप जोडला तर आधीच्या कुठल्यातरी कंपनीचं नाव येतं आणि पासवर्ड मागतो. दुकानदाराला तो माहीत नाही.

पंख्याचा आवाज फार आहे. स्विच माजघरात ठेवलाय, पलीकडच्या खोलीत सासरे झोपतात. पंखा काढून टाकला तर चालेल का?

घरात तीन कॅमेरे आणि दोन ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे), कॉटेजकडे दोन कॅमेरे आणि एक ॲक्सेस पॉइंट. कॉटेज घरापासून १३० मीटरवर आहे. गडग्यावरून कॅट-सिक्स वायर नेली आहे. कधी चालते, कधी तुटते. त्याच वायरीवर दोन वर्षांत दोनदा आभाळातली वीज आली आणि दोन्ही वेळा कॉटेजमधला छोटा स्विच जळाला.

प्लग मीटरवर सध्या ७८ वॅट दिसतात, घरातले कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट धरून. चोवीस तास चालवायचं म्हणजे महिन्याला ५६ युनिट. घरच्यांना हे पटवून द्यायला लागणार आहे, म्हणून विचारते: हा स्विच ठेवू की परत करू? परत करायला आठ दिवस आहेत.

प्रतिसाद १ (रत्नागिरी)

ताई, ठेवा. कंपन्यांच्या नेटवर्कचंच काम करतो, हे मॉडेल हातात बरंच आलंय. दोन वेळा वीज पडलेल्या घरात तुम्ही योग्य वस्तू आणली आहे, फक्त ती नीट बसवायला हवी.

पासवर्डची काळजी नको. स्विच हातात असला की तो काढता येतो. मागच्या बाजूला कन्सोल नावाचं पोर्ट असतं, त्याला निळी चपटी कन्सोल वायर लागते. ती साध्या लॅन वायरीसारखी दिसते, पण आतल्या तारांचा क्रम उलटा असतो. शेजारीच मॅनेजमेंटचं पोर्ट आहे, त्यात घालू नका. लॅपटॉपला यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर लावा आणि पुट्टी या प्रोग्राममध्ये वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, फ्लो कंट्रोल नाही असं ठेवा. मग स्विचची वायर काढा, पुढचं मोड बटण दाबून धरा आणि वायर परत लावा. स्क्रीनवर «स्विच:» एवढाच प्रॉम्प्ट आला की बटण सोडा.

तिथे «फ्लॅश_इनिट» द्या. मग «रीनेम फ्लॅश:कॉन्फिग.टेक्स्ट फ्लॅश:कॉन्फिग.ओल्ड» आणि शेवटी «बूट». (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.) स्विच कोरा उठेल आणि सेटअप करायचं का विचारेल, नाही म्हणा. एक गोष्ट बरेच जण विसरतात: जुन्या कंपनीचे व्हीलॅन या फाइलमध्ये नसतात, «व्हीलॅन.डॅट» नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. तीही डिलीट करून एकदा रीस्टार्ट करा. आधीच्या मालकाने पासवर्ड काढण्याची सोय बंद केली असेल, तर मोड बटणानंतर स्विच सगळं पुसून मूळ स्थितीत जाऊ का असं विचारतो. बिनधास्त हो म्हणा, आपल्याला तेच हवंय.

कोरा झाल्यावर पहिली कमांड «नो व्हीस्टॅक». स्मार्ट इन्स्टॉल नावाची सोय या स्विचमध्ये मुळात चालू असते. २०१८ मध्ये तिच्यात गंभीर भोक सापडलं होतं, सॉफ्टवेअरमधल्या ४७८६ नंबरच्या पोर्टवरून कोणीही आत येऊ शकायचं. आपल्याला तिचा उपयोग नाही, या कमांडने ती बंद होते.

पंखा काढू नका. पीओई देणाऱ्या स्विचच्या आतला वीजपुरवठा तापतो, त्याला वारा लागतोच. स्विचचीच जागा बदला. माळ्यावर नको, मे महिन्यात कौलांखाली भट्टी असते. पडवीत तर अजिबात नको, पंखा खारा वारा सतत आत ओढत राहील. कोठीची खोली असेल तर तिथे भिंतीला ब्रॅकेटवर लावा आणि रिकाम्या पोर्टांना रबराची बुचं घाला. आमच्याकडे एका स्विचमधून पालीची अंडी निघाली होती.

प्रतिसाद २ (पुणे)

मी वेगळं मत देतो. परत करा. २९६०-एक्सची विक्री २०२२ मध्येच थांबली आहे, आणि नवं फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) सेवा-करार असल्याशिवाय मिळत नाही. घरासाठी आठ पोर्टचा बिनपंख्याचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच घ्या. एचपीचे २५३० मालिकेतले आठ पोर्टवाले वापरलेले मिळतात, अजिबात आवाज नाही. वीजही बरीच कमी खातात. जुनं काहीही घेताना दोन गोष्टी बघा. २९६० नावाचेच काही जुने स्विच फक्त १०० एमबीपीएसचे आहेत, त्यामुळे पूर्ण मॉडेल नंबर वाचा. आणि मेराकीचा स्विच स्वस्तात दिसला तरी घेऊ नका. लायसन्स नसेल आणि आधीच्या मालकाने त्याच्या खात्यातून सोडला नसेल, तर तो तुमच्याकडे कामच करणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. पुण्याच्या दादांचं विजेचं म्हणणं पटतंय, पण आठ पोर्ट पुरत नाहीत. घरातले तीन कॅमेरे, दोन ॲक्सेस पॉइंट, रेकॉर्डर, राउटर, बुकिंगचा कॉम्प्युटर आणि टीव्ही हेच नऊ झाले. शिवाय दोन वेगळे स्विच घेतले तर सांभाळायला दोन वस्तू.

पासवर्ड निघाला! पहिल्या दोन वेळा मोड बटण लवकर सोडलं होतं. व्हीलॅन.डॅटमध्ये खरंच जुन्या कंपनीचे अकरा व्हीलॅन होते, सगळे पुसले. कोठीच्या खोलीत हलवला, सासऱ्यांना आता आवाज येत नाही. राहिलं कॉटेज आणि व्हीलॅन.

प्रतिसाद ३ (मालवण)

कॉटेजचं मी सांगतो, कारण हे मी भोगलंय. तांब्याच्या लॅन वायरीची मर्यादा १०० मीटर आहे. तुमची १३० मीटरवर कधी चालते हेच नशीब. पण खरा प्रश्न अंतराचा नाही. दोन इमारतींमध्ये तांबं ताणलं की वीज जवळपास कुठेही पडली तरी त्या वायरीत झटका उठतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं मारतो. आपल्याकडे जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगलं मिळणं कठीण, आणि दोन घरांचं अर्थिंग एकसारखं कधीच नसतं. आजवर कॉटेजकडचा छोटा स्विच गेला. पुढच्या वेळी तुमचा २४ पोर्टचा जाईल.

फायबर, म्हणजे काचेच्या तारेची केबल टाका. काचेतून वीज जात नाही. तुमच्या स्विचला समोर एसएफपीच्या (फायबर लावायच्या छोट्या जोडभागाच्या) चार खाचा असतील, त्यातली एक वापरा. इंटरनेटवाले घरोघर टाकतात तीच सिंगल-मोड ड्रॉप केबल चालते, तिच्यात बहुतेक वेळा फायबरची एकच तार असते. एका तारेवर दोन्ही दिशा चालवणारी एसएफपीची जोडी मिळते: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतं आणि १४९० वर घेतं, दुसरं उलट. दोन सारखी घेतलीत तर लिंक लागणारच नाही, जोडीच मागा. टोकं जोडायला गावातल्या केबलवाल्याकडे स्प्लायसिंगचं मशीन असतं. कनेक्टर बघून घ्या, हिरवा आणि निळा एकमेकांत घालायचे नसतात.

ड्रॉप केबलला ताण घ्यायला बाजूने एक पोलादी तार असते. ती घरात आणू नका, भिंतीबाहेरच हुकाला बांधून कापा. नाहीतर फायबर टाकूनही वीज आत यायला वाट उरतेच. माझा पहिला फायबर याच कारणाने फुकट गेला.

सिस्कोचा स्विच दुसऱ्या कंपनीचं एसएफपी दिसलं की पोर्ट बंद करतो. त्यावर «सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर» आणि «नो एररडिसेबल डिटेक्ट कॉज जीबीआयसी-इनव्हॅलिड» या दोन कमांड आहेत.

फायबरमधून पीओई जात नाही, म्हणून कॉटेजकडे एसएफपीची खाच असलेला छोटा पीओई स्विच लागेल, आणि तोही व्हीलॅन समजणारा हवा.

बाहेरच्या कॅमेऱ्यांचे जोडही उघडून बघा. खारी हवा आणि पीओईचे जवळपास ५० व्होल्ट डीसी एकत्र आले की पिना हिरव्या पडून झिजतात, एका पावसाळ्यात सुद्धा. वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. आणि वायर शुद्ध तांब्याचीच हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली पीओईला घेऊ नका.

प्रतिसाद १ (रत्नागिरी)

मालवणकरांनी फायबरचं पूर्ण सांगितलं, मी व्हीलॅनचं सांगतो. व्हीलॅनचे नंबर असे: १० घर, २० पाहुणे, ३० कॅमेरे आणि रेकॉर्डर. कॅमेऱ्याच्या पोर्टवर «स्विचपोर्ट मोड ॲक्सेस» आणि «स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन ३०». सोबत «स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट» द्या, नाहीतर लाईट गेली-आली की प्रत्येक पोर्ट अर्धा मिनिट थांबून मग सुरू होतो. ॲक्सेस पॉइंट, राउटर आणि फायबरच्या पोर्टवर «स्विचपोर्ट मोड ट्रंक», म्हणजे एकाच वायरीवरून सगळे व्हीलॅन जातात. एचपीच्या जगात ट्रंक म्हणजे दोन वायरी एकत्र बांधणं, म्हणून कॉटेजला एचपीचा छोटा स्विच घेतलात तर शब्दांवर जाऊ नका, तिथे «टॅग्ड» म्हणतात.

स्विच फक्त वेगळं करतो. कोणी कोणाकडे जायचं हे राउटर ठरवतो, आणि इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या डब्यात ती सोय बहुतेक वेळा नसते. मध्ये मायक्रोटिक हेक्ससारखा छोटा राउटर लावा. नियम तीनच: २० मधून १० आणि ३० ला बंदी, ३० ला इंटरनेट बंद, १० मधून ३० बघायला परवानगी.

व्हीलॅनमुळे पाहुणे तुमच्यापासून वेगळे होतात, एकमेकांपासून नाही. दोन खोल्यांतली अनोळखी माणसं एकमेकांचे लॅपटॉप बघू शकतील. त्यासाठी ॲक्सेस पॉइंटमध्ये क्लायंट आयसोलेशन चालू करा, आणि स्विचवर त्या पोर्टांना «स्विचपोर्ट प्रोटेक्टेड» द्या. हा भाग तुमच्यासारख्यांनी टाळू नये, कारण पाहुणे तुमच्या भरवशावर जोडतात.

ट्रंकवर बदल करण्याआधी «रीलोड इन १०» द्यायची सवय लावा. चुकून स्वतःलाच बाहेर काढलंत तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या सेटिंगवर उठतो. सगळं ठीक असेल तर «रीलोड कॅन्सल», आणि मग «राइट मेमरी».

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मध्ये गणपती होते आणि घरात बावीस माणसं.

«रीलोड इन १०» ने मला वाचवलं. टीव्हीसाठी ४० नंबरचा व्हीलॅन नंतर सुचला, म्हणून राउटरच्या ट्रंकवर «अलाउड व्हीलॅन ४०» दिलं आणि ऐन आरतीच्या वेळी घरभर सगळं बंद. आधीचे १०, २०, ३० त्या एका ओळीने पुसले गेले. मध्ये «ॲड» लिहायचं होतं. दहा मिनिटांत स्विच आपोआप परत आला. हे कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिते.

फायबर लागला. केबलवाल्या दादांनी दोन तासांत जोडून दिला, पोलादी तार बाहेरच कापली. कॉटेजचे कॅमेरे पंधरा दिवसांत एकदाही तुटले नाहीत. घराच्या मागच्या कॅमेऱ्याचा जोड उघडला तर आठपैकी तीन पिना हिरव्या होत्या, तो बदलला. बिलाचं गणित घरात मांडलं: ५६ युनिटांपैकी निम्म्याच्या आसपास कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंटचे आहेत, ते आधीही जळतच होते. सासऱ्यांनी मान्य केलं.

काल पाहुण्यांच्या वायफायवर माझाच फोन जोडून रेकॉर्डरचं पान उघडून बघितलं. उघडलं नाही. शेजारच्या खोलीतल्या फोनलाही पोहोचता आलं नाही. कॉटेजकडची तांब्याची वायर उद्या सकाळी गडग्यावरून उतरवून घेतोय.