श्राद्ध, श्रद्धा आणि 'ठेवणं'

मंडळी, म्हाळाला (पितृपक्षातल्या श्राद्धाला) गावी देवगडकडे जाऊन आलो तेव्हापासून 'श्रद्धा' हा एक शब्द डोक्यातून जात नाहीये. आमच्या मोठ्या काकांनी जन्म मुंबईत गिरणीत काढला, देवळात कधी पाय नाही, पण म्हाळाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट नाही. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर सगळं केळीच्या पानावर वाढून स्वतः शिडी लावून पडवीच्या कौलांवर ठेवून आले आणि मग खाली उभे, मान वर करून, कावळा काही येईना. मी म्हटलं काका तुम्ही तर हे मानत नाही ना? तर म्हणाले, "माझो इश्वास नाय रे, पण बापाशीचा पान चुकूक नको."

आता ह्याला श्रद्धा म्हणायचं की नुसता आचार?

---

शब्दातच बघा ना. श्रद्धेने जे करायचं ते श्राद्ध, म्हणजे आधी भावना मग विधी असं आपण धरतो. पण श्रद्धा = श्रत् + धा, आणि धा म्हणजे ठेवणं. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत, 'श्रत्' सत्याच्या नावांमध्ये दिलाय. म्हणजे श्रद्धा ह्या शब्दाच्या पोटातच एक क्रियापद आहे, मनात नुसतं काहीतरी वाटणं एवढंच नाही. मराठीतही आपण श्रद्धा 'ठेवतो', विश्वास 'ठेवतो'. आणि काकांनी पान 'ठेवलं'! अजून एक, पाणिनीच्या व्याकरणातल्या ५.२.१०१ सूत्राप्रमाणे 'श्राद्ध' म्हणजे श्रद्धा असलेला माणूस असाही अर्थ होतो, मराठीत तो गेला आणि विधी तेवढा उरला.

---

पण कोणी म्हणेल, गीतेत १७व्या अध्यायाच्या शेवटी अश्रद्धेने केलेलं होम, दान, तप सगळं 'असत्' म्हटलंय, मग काकांचं पान कुठे बसवणार? शिवाय लोक श्राद्ध 'उरकतात' पण, घड्याळाकडे बघत. तेही करणंच झालं.

---

उरकणारा माणूस कावळ्यासाठी ताटकळत उभा राहत नाही हो. मला वाटतं घोळ 'मानणं' ह्या शब्दात आहे. संस्कृतात मन्यते म्हणजे समजतो आणि मानयति म्हणजे मान देतो, आपल्या 'मानणं'मध्ये दोन्ही आलं. मी काकांना पहिल्या अर्थाने विचारलं आणि ते दुसऱ्या अर्थाने जगतायत. गावात पालखीचा मान, होळीचा मान म्हणतात तेव्हा मानकऱ्याला कोणी विचारत नाही तुझा विश्वास किती, तो वेळेवर हजर आहे ना एवढंच बघतात, आणि मला ते आता कमी दर्जाचं अजिबात वाटत नाही.

बरं, आमच्याकडे देवाला नैवेद्य 'दाखवतात' आणि पितरांना पान 'ठेवतात', कधी उलट ऐकलं नाही. रत्नागिरी, रायगडकडे काय म्हणतात?