चाळिशीत अचानक ॲलर्जी, चवथ (गणेशचतुर्थी) आली की नाक गळायला लागतं, कोणाला असं झालंय का?

वृंदा_फोंडा

नमस्कार मंडळी, मी फोंड्याजवळ राहते, वय ४१, जन्म शाळा लग्न सगळं गोव्यातच. लहानपणी कुळागरात नि शेतात दिवसभर हुंदडायचो, कधी काही झालं नाही. गेली काही वर्षं मात्र चवथीची साफसफाई काढली की जे सुरू होतं ते दिवाळी उलटेपर्यंत चालूच. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, नाकातून नुसतं पाणी, डोळ्यांचे कोपरे चोळून चोळून लाल, आणि सगळ्यात वैताग म्हणजे टाळू खाजते, आतून, मग जीभ टाळूला घासून तो विचित्र खर्र खर्र आवाज काढत बसते, ऑफिसात बाजूची मुलगी वळून बघते. ताप नाही, अंग दुखत नाही. सासूबाई म्हणतात थंडी बाधली, स्वेटर घाल आणि हळद घातलेलं दूध पी. ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर!

डॉक्टरांनी गोळी दिलीय, तिने शिंका थांबतात पण झोप येते आणि मला रोज स्कूटरने वेर्ण्याला जायचं असतं, बोरीच्या पुलावर जांभया देत गाडी चालवणं बरं नाही ना. प्रश्न असा की या वयात ही भानगड नव्याने सुरू होते का? टेस्ट करून घ्यावी का? आणि दरवर्षी तीन महिने गोळ्या खात राहायचं का?

कुळागर

होते, अगदी सुरू होते. मला पन्नाशीच्या आसपास लागली आणि मी तर शेतातच असतो. मला डॉक्टरांनी समजावलं ते असं की शरीर आधी त्या परागाला शत्रू ठरवतं, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं, ती नाकातल्या पेशींवर जाऊन बसतात आणि पुढच्या सिझनला तोच पराग आला की हिस्टामाईन सुटतं, त्यातून खाज, शिंका, पाणी. हे शत्रू ठरवणं लहानपणीच व्हायला हवं असं काही नाही, इतकी वर्षं त्याच गवतातून चालून मग एका वर्षी होऊ शकतं.

आता तुमचा काळ बघा. सप्टेंबर ते नोव्हेंबर. गोव्यात तेव्हा नक्की काय असतं? पाऊस ओसरतो, बांधावरचं नि रस्त्याकडेचं गवत फुलतं, आणि गवताचा पराग वाऱ्यावर जातो. मागोमाग भातकापणी, मळणी, तो भुसा. फुलं दिसतात त्या झाडांना लोक उगाच शिव्या घालतात, आंब्याचा मोहोर नि काजूचा फुलोरा डिसेंबर-जानेवारीत येतो आणि त्यांचं काम मुख्यतः किडे-माश्याच करतात, पराग चिकट, लांब जात नाही. अगदी झाडाखाली बसलात तर गोष्ट वेगळी. समुद्राकडचं सुरूचं झाड मात्र वाऱ्यावर पराग सोडणारं.

एक विचारतो, तुमच्या वाड्यावर दिवाळीला जाळायचा नरकासुराचा पुतळा बनतो का? आमच्या पोरांनी गेल्या दिवाळीला आमच्याच पडवीत बनवला, सुकं गवत कोंबून कोंबून, वर कागद, त्या रात्री माझे डोळे बंद व्हायचे बाकी होते. पहाटे जाळला तेव्हा धूर वेगळा. धुराला ॲलर्जी म्हणत नाहीत म्हणे, पण आधीच सुजलेल्या नाकाला तो नको तेवढा झोंबतो.

एक साधी वही ठेवा. कुठल्या दिवशी, कुठे असताना, घरात की बाहेर, पाऊस होता की ऊन, बस. टेस्टपेक्षा आधी ती वही डॉक्टरांच्या जास्त कामाला येते असं माझं मत.

बाबल्या

आपल्या भागातला मध रोज सकाळी एक चमचा, शरीराला त्या परागाची सवय होते. माझा मावसभाऊ त्यानेच बरा झाला.

औषधवाला_म्हापसा

@बाबल्या, मध खा रे, चांगला असतो, पण मधात पराग असतो तो मधमाशी बसते त्या फुलांचा, आणि त्रास देतो तो वाऱ्यावरचा गवताचा. कुळागरांनी वर तेच लिहिलंय बघ. मावसभावाचं नोव्हेंबर संपल्यावर तसंही बरं होत असणार.

वृंदाताई, बरीच वर्षं काउंटरच्या मागे उभा आहे म्हणून सांगतो, बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करा. झोप येण्याबद्दल: जुन्या पिढीची गोळी म्हणजे क्लोरफेनिरामाईन, सर्दीच्या बहुतेक मिक्स गोळ्यांत तीच असते, तिने झोप येतेच. सेटिरिझिनने बऱ्याच जणांना येते. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही, फक्त ती पाण्याबरोबर घ्यायची, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर नाही, रसामुळे ती अंगात कमी शोषली जाते. तुमची नेमकी कुठली आहे ते पाकिटावर बघा. आणि त्यात फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल नि तुम्हाला बीपी असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा.

पण गोळी हा दुय्यम उपाय आहे. नाक रोज वाहतंय, चोंदतंय, तर मुख्य औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे, फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे. स्टिरॉइड हा शब्द ऐकला की लोक बाटली परत देतात, पण हा नाकापुरता असतो, रक्तात अगदी थोडा जातो. लोक एक दिवस मारतात, फरक नाही म्हणून टाकून देतात. त्याला पूर्ण जोर यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तुमच्यासारख्यांनी सिझनच्या आधी, चवथीच्या तयारीला लागायच्या आधीच सुरू करायचा असतो.

मारायची पद्धतही चुकते. मान मागे टाकायची नाही, डोकं किंचित पुढे. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात धरा, डाव्या नाकपुडीसाठी उजव्या, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातं. मधल्या पडद्यावर मारलं की काही दिवसांनी रक्त दिसायला लागतं. आणि जोरात हुंगायचं नाही, घशात कडू लागलं म्हणजे औषध नाकात राहिलंच नाही, गिळलं गेलं.

चोंदलेलं नाक एका मिनिटात उघडणारे थेंब, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, ते तीन-चार दिवसांच्या वर नकोत. पुढे थेंब थांबवले की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग माणूस परत थेंब मागायला येतो. वर्षानुवर्षं थेंबांवर जगणारी गिऱ्हाइकं बघितलीत मी, बाटली खिशातच असते.

रेवा_पर्वरी

मला वाटतं सगळं खापर गवतावर फोडू नका. वृंदा, तू लिहिलंयस साफसफाई काढली की सुरू होतं. माळ्यावरची माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) चौकट, समया, तांब्याची भांडी, गेल्या चवथीनंतर बंद करून ठेवलेले पडदे, हे सगळं कधी काढतेस? ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पूर्ण पावसाळा दमट खोलीत काढल्यावर. कपाट उघडलं की चामड्याच्या पट्ट्यावर ती पांढरी-हिरवी लव आलेली असते ना, ती बुरशी, आणि झटकली की तिचे बीजाणू थेट नाकात. त्याशिवाय धुळीतले माइट, डोळ्यांना न दिसणारे, गादी-उशीत राहतात, त्यांना दमट हवाच लागते, आपल्याकडे पावसाळ्यात ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता म्हणजे त्यांची चैनच. सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात हे वाचूनच मला उशी आठवली. अर्थात सकाळच्या शिंका परागानेही येतात, म्हणून तर टेस्ट.

मी काय केलं सांगते, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये. उशीला नि गादीला घट्ट विणीची चेनवाली खोळ, चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ६० डिग्री पाण्यात, थंड पाण्याने माइट मरत नाहीत. कापसाची जुनी गादी, आजीची होती, वाईट वाटलं पण दिली काढून. बेडरूममध्ये डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढणारं यंत्र, ठेवला, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणायचा प्रयत्न असतो, जुलैत ते जमत नाही हे प्रामाणिकपणे सांगते, आणि लाइट गेली की संपलंच, टाकीतलं पाणी मात्र रोज ओतावं लागतं एवढं ओढतो. झाडू नाही, ओला पोछा. माळा काढायचं काम आता नवरा करतो आणि मी तोपर्यंत आईकडे जाते, हा सगळ्यात गुणकारी उपाय.

टेस्टबद्दल, स्किन प्रिक कर. हातावर थेंब ठेवून बारीक टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते बघतात. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर काहीच उठत नाही नि पैसे वाया, नाकातला स्प्रे चालतो. रक्ताच्या त्या लांबलचक पॅनलच्या नादी लागू नकोस, माझ्या नणंदेच्या रिपोर्टात वांगं, मसूर, नारळ सगळं पॉझिटिव्ह, बिचारी गोव्यात राहून नारळाशिवाय जेवत होती! पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने ओळखलंय एवढंच, त्याने त्रास होतोच असं नाही.

वृंदा_फोंडा

बाप रे, किती कामाचं सांगितलंत. गोळीचं पाकीट बघितलं, क्लोरफेनिरामाईनच आहे, वर फिनाइलेफ्रिन. बीपी नाहीये पण आईला आहे. नरकासुर आमच्या दारासमोरच बनतो आणि बनवणाऱ्यांत माझाच मुलगा पुढे असतो 😅

अजून एक, लिहायचं राहिलं. रात्री आडवं पडलं की कधीकधी छातीत बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं, खोकलाही येतो. हे त्यातलंच का? आणि जलनेती करावी का, योगाच्या बाई म्हणतात कर.

औषधवाला_म्हापसा

शिट्टी हे नाकाचं नाही, छातीचं लक्षण आहे. ॲलर्जीचं नाक असणाऱ्या बऱ्याच जणांना दमाही असतो, त्यासाठी स्पायरोमेट्री म्हणून फुंकायची तपासणी असते. चवथीची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारून छातीच्या डॉक्टरांकडे. मधल्या काळात बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले तर सरळ १०८.

आणि मोंटेलुकास्टची गोळी कोणी लिहून दिली तर झोप, स्वप्नं, मूड यांत काही बदल वाटतो का यावर लक्ष ठेवा, अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावलाय.

नेती चालेल, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की पराग-धूळ निघून जाते. फक्त पाणी उकळून गार केलेलं. विहिरीचं किंवा नळाचं थेट नको, त्यातला अमीबा नाकातून मेंदूत जाण्याचा धोका क्वचित असतो पण जीवघेणा असतो, केरळात त्याने माणसं गेलीत.

कुळागर

औषधवाल्यांना दुजोरा. माझंही दम्याचं निघालं होतं आणि पंप सुरू केल्यावर चढ चढताना फरक कळला. मला गवताची इम्युनोथेरपी सुरू केलीय, थोड्या थोड्या मात्रेत तेच ॲलर्जन देतात, तीन ते पाच वर्षं चालते, इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. दमा आटोक्यात असल्याशिवाय सुरू करत नाहीत. खर्च नि चिकाटी दोन्ही लागतात, पण गेल्या मळणीला मी खळ्यावर उभा राहू शकलो.

मुलाला सांगा नरकासुर यंदा देवळाच्या पटांगणात न्या, नि घरात शिरायच्या आधी अंगावरचे कपडे बाहेर काढून आंघोळ. केसांतून सगळं उशीवर येतं.

रेवा_पर्वरी

मुलगा ऐकणारेय का 😄 वृंदा, रिपोर्ट आला की इथे टाक, कशाची निघाली ते बघू. मी माइटवर पैज लावते.

कुळागर

गवत. लावली पैज.