मदत हवी आहे: रामटेकला गोल पायवाट, गडावरून अंबाळ्यापर्यंत उतरता येते का?

धंतोली_२
नकाशावर गडमंदिराच्या मागून अंबाळा तलावाकडे तुटक रेघ दिसते. ती खरंच आहे का? गोल फिरून गाडीपाशीच यायचं आहे, गेलो त्याच वाटेने परत नको. ८-१० किमी चालेल. झाडी हवी, जुनं काही पाहायला हवं. नगरधनचा किल्ला त्यातच बसला तर उत्तम. रविवारी निघतो आहे, लवकर सांगा. आणि कृपा करून पेंच सुचवू नका.

रानभूल
गाडी कुठे लावणार, गावात की अंबाळ्याला की वर? सोबत कोण? अंबाळ्याहून गडावर दगडी पायऱ्या आहेत, रेघ ती असेल तर वाट पक्की आहे. बाजूच्या झाडीत ज्या रेघा दिसतात त्या गुरांच्या वाटा. कुठल्या तरी घळीत नेऊन सोडतात.

पेंचप्रेमी
त्यापेक्षा मानसिंगदेवकडे का नाही जात? जंगल म्हणजे ते.

रानभूल
भाऊ, ते अभयारण्य आहे. पायी फिरू देत नाहीत. आणि प्रश्न वाचा की जरा.

धंतोली_२
गाडी अंबाळ्याला. चौघं आहोत, नॉर्मल फिटनेस. वाट सांगा ना.

बांधी_धुरा
अंबाळ्याहून पायऱ्यांनी वर. वाटेत वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे पाहायचे, वराहाच्या मूर्तीपाशी थांबायचं. मग केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह, दोन्ही वाकाटक राजांच्या काळातली. लोक घाईत ही दोन देवळं सोडून थेट गडमंदिरात शिरतात. उतरताना गावाकडच्या पायऱ्या, खाली शांतिनाथाचं जैन मंदिर, आणि डोंगराच्या पायथ्याने रस्त्याने अंबाळ्याला परत. कपूर बावडी पाहायची तर जरा आत वळावं लागते. बावडीचे खांब जुने आहेत, पण पाण्यालगतची फरशी शेवाळलेली असते, तिथे उभं राहून फोटो काढू नका. देवळांसकट अर्धा दिवस धरा.

रानभूल
उतरायला पायऱ्या कशाला? झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, पहाटेचं दव असलं की घसरते. चढायला पायऱ्या, उतरायला कालिदास स्मारकावरून गाडीरस्ता. लांब पडते पण गुडघे वाचतात.

बांधी_धुरा
डांबरी रस्त्यावर चालायचं तर सिव्हिल लाइन्सला फिरा ना बाप्पा. झाडी कुठे आहे त्यात?

धंतोली_२
गुडघ्यांचा विषय निघाला म्हणून, आई सोबत आहे, ६४ वय. चढायला त्रास नाही, उतरताना दुखते.

रानभूल
हे आधी सांगायचं होतं! मग वाद संपला, रस्त्यानेच उतरा. काठी घ्या, पायऱ्या चढतानाही आधार होतो.

बांधी_धुरा
आई असेल तर मीही तेच म्हणेन. मात्र नगरधन पायी जोडू नका. तिकडचा रस्ता सगळा धानाच्या बांध्यांमधून जातो, सावली नाही. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शॉर्टकट मारायचा म्हटला तर कापणी झालेली नसली की धुरा ओला, बुटाला दोन बोटं माती चढते. गाडीने जा, किल्ल्यात तासभर फिरा. आतल्या बावडीत जमिनीखाली देवीचं ठाणं आहे, तिथे उतरताना डोकं जपा.

ताम्रपट
नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. तिथल्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, वर शंख. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट तर रामगिरिस्वामीच्या पायाशी दिलेला आहे. म्हणून इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी रामटेकला कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी ठरवलं.

छत्तीसगढ़ी
आमचाच डोंगर रामगिरी म्हणणाऱ्या सरगुज्यातल्या रामगढवाल्यांना हे सांगून बघा.

ताम्रपट
सांगितलं आहे, ऐकत नाहीत.

धंतोली_२
हे वाचून छान वाटलं, पण मला वाट हवी आहे. पाणी किती न्यायचं? काही धोका?

बांधी_धुरा
माणशी दोन लिटर. कुसळी गवताचा हंगाम आहे, मोजे गुडघ्यापर्यंत घातलेत तर टोकं लोकरीत रुततात, एकेक उपसत बसावं लागते. त्यापेक्षा गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट, खालून दोरीने बांधलेली. झाडीत केसाळ तपकिरी शेंगा लोंबताना दिसल्या तर ती खाजकुयली, हात लावू नका. लागलीच तर चोळायचं नाही, आधी चिकटपट्टीने शेंगेची कूस उचलायची, मग धुवायचं. चोळलं की कूस आत जाते.
आणि वानरं. हातात कॅरीबॅग नको, तिची खसखस त्यांना लांबून ऐकू येते. नारळ-प्रसाद सॅकमध्ये, चेन लावून, सॅक पुढे पोटाशी. ओढलंच तर सोडून द्या.

रानभूल
आग्या मोहोळ राहिलं. दरवाज्यांच्या कमानींखाली वर बघून थांबा, अत्तर, स्प्रे मारून जाऊ नका.

जेवण_फर्स्ट
रामटेकला सावजी कुठे चांगली मिळते?

बांधी_धुरा
गडावर जाऊन सावजी? खाली उतरल्यावर विचारा. कापुरी पान मात्र रामटेकचंच घ्या.

धंतोली_२
ठरलं. येत्या रविवारी, त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासच येतो आहे तो.

रानभूल
काहून हो, हे शेवटी? पौर्णिमेला रामटेकला जत्रा असते! घाटरस्त्यावर गाड्यांची रांग, म्हणजे तुमचा उतरायचा रस्ता गेला. अंबाळ्याला गाडी लावायला जागा मिळणार नाही. एक तर रविवार पुढे ढकला, नाहीतर उजाडायच्या आत अंबाळ्याला पोचा आणि ९ च्या आत खाली या.

धंतोली_२
पुढे नाही ढकलता येत, आईला पौर्णिमेचंच दर्शन हवं आहे.

बांधी_धुरा
मग तो गोल फिरायचा बेत नाही, ती वारी आहे. आईला गाडीने वर नेऊन दर्शन घडवा, चालण्यासाठी दुसरा दिवस काढा.

जेवण_फर्स्ट
सावजीचं कोणी सांगत नाही राजेहो.