मुंबई चित्रप्रदर्शन ट्रिप : काय बघायचं आणि कधी

नीलिमा (सी-५०१): नमस्कार सगळ्यांना. परवा गच्चीवर विषय निघाला होता तो इथे टाकते, म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचेल. मुंबईला एक दिवस जायचं, फक्त चित्रं बघायला. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी, छत्रपती शिवाजी महाराज म्युझियम आणि एनजीएमए (आधुनिक कलेची सरकारी राष्ट्रीय गॅलरी) अगदी जवळजवळ आहेत, रस्ता क्रॉस केला की पुढचं, टॅक्सी लागत नाही. पुण्याहून सकाळी ७:१५ ची डेक्कन क्वीन धरली तर १०:२५ ला सीएसएमटी, परत येताना तीच ५:१०. मधे सहा-साडेसहा तास मिळतात.

प्रसाद (बी-३०४): मस्त! मग गेटवे, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह पण घेऊया की, मुलं खूश होतील. मिनीबसचं मी बघतो

नीलिमा: प्रसाद, नको रे प्लीज. हे सगळं घातलं की चित्रांना पाऊण तास उरतो आणि मग आपण नुसते दारातून आत जाऊन फोटो काढून बाहेर येतो. गेटवे सगळ्यांनी बघितलाय, मुलांना हवं तर मे महिन्यात वेगळं नेऊ. मिनीबस पण नको, मुंबईत शिरतानाच दीड तास जातो. आता सीएसएमटीहून मेट्रो आहे, पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक, तिथून चालत.

कुलकर्णी काका (ए-२०२): नीलिमा मी येईन, पण स्पष्ट सांगतो, मॉडर्न आर्ट मला पोचत नाही. म्हैसूरला हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र पाहिलंय, बोटांमधून उजेड कसा झिरपतो, वा! त्याच्यापुढे या रेघा आणि ठिपके बघायला तीन तास प्रवास कशाला ते समजावून सांग

नीलिमा: काका, तुम्ही हळदणकरांचं नाव काढलंत हे फार बरं झालं. ते जेजेचे, म्हणजे मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे, आणि ज्यांची चित्रं आपण बघायला जातोय त्यातले बरेच जण पण जेजेचेच. १९४७ साली यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा गोव्याचे, साळगावचे, हुसेन जन्माने पंढरपूरचे, गाडे अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे, शिल्पकार बाकरे उतारवयात लंडन सोडून हर्णै-मुरूडला येऊन राहिले, शिवाय रझा आणि आरा. आरा तर आधी लोकांच्या घरी काम करायचे, गाड्या धुवायचे. आणि १९४९ चं त्यांचं प्रदर्शन झालं ते रॅम्पार्ट रो ला, म्हणजे आपण जिथे चालणार आहोत तिथेच, जहांगीर गॅलरी तेव्हा बांधलेलीसुद्धा नव्हती, ती १९५२ ची. त्यामुळे ही बाहेरून आलेली फॅशन वगैरे म्हणू नका, ही आपलीच माणसं आहेत.

नीलिमा: आणि उजेडाचंच म्हणत असाल तर गायतोंडे बघा काका. नागपूरला जन्म, जेजेत शिक्षण, २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. रोलरने रंग लावायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, परत थर द्यायचा. समोर उभं राहिलं की आधी नुसता एकच रंग दिसतो, मग दोन-तीन मिनिटांनी खालचे थर वर यायला लागतात, कुठे खरवडल्याची धार दिसते, आणि उजेड आतून येतोय असं वाटायला लागतं. दिवा कुठेच काढलेला नाही. मोबाइलवर हे कळतच नाही, छापलेल्या पुस्तकातही नाही, म्हणून तर जायचं.

कुलकर्णी काका: बरं. दोन-तीन मिनिटं उभा राहीन, शब्द दिला. माझं नाव लिही

श्रुती (बी-१०३): ताई तिथे गायतोंडे नक्की असतील ना? म्हणजे एवढं लांब जाऊन नसतील तर

नीलिमा: श्रुती, हाच खरा मुद्दा आहे आणि म्हणूनच मी म्हणतेय की तारीख आधी ठरवायची नाही. एनजीएमएत कायम तीच चित्रं लावलेली नसतात, प्रदर्शनं बदलतात. म्युझियममध्ये दुसऱ्या मजल्यावर जहांगीर निकल्सनचा संग्रह आहे, हा कापसाचा व्यापारी होता, त्याने मरेपर्यंत शेकड्याने आधुनिक चित्रं जमवली, त्यातली पण आलटूनपालटून लावतात. तेव्हा आधी दोन्हीकडे फोन करून काय लागलंय ते विचारायचं, दोन्हीकडे चांगलं असेल तो शनिवार पकडायचा. सोमवारी एनजीएमए बंद आणि रविवारी खासगी गॅलऱ्या बऱ्याचशा बंद, म्हणून शनिवार. आणि काळा घोडा फेस्टिव्हलचे दिवस टाळूया, तेव्हा गर्दीत चित्रासमोर उभंच राहता येत नाही.

अलका काकू (ए-४०१): माझ्या गुडघ्यांचं काय ग? आणि जेवायचं? जहांगीरमधलं समोवार आहे का अजून, आमच्या वेळी तिथे तासन् तास बसायचो

नीलिमा: काकू समोवार २०१५ लाच बंद झालं, मलाही फार वाईट वाटलं होतं. जेवायला फोर्टात भरपूर ठिकाणं आहेत, नाश्ता डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये करू. गुडघ्यांचं म्हणाल तर एनजीएमए म्हणजे जुना सर कावसजी जहांगीर हॉल, आत अर्धगोल गॅलऱ्या एकावर एक आहेत आणि जिने बरेच. मी फोनवर लिफ्टचं विचारून घेते. नाहीतर तुम्ही खालचा मजला बघा आणि म्युझियमला जास्त वेळ द्या.

प्रसाद: मुलांना कंटाळा नाही येणार ना? चिरंजीव ९ वर्षांचे

नीलिमा: त्याला एक छोटी वही आणि पेन्सिल दे, आवडेल ते एकच चित्र निवडून काढायला सांग, रंगपेटी आत नेऊ देत नाहीत. शाळेत माझा अनुभव आहे, मुलं गायतोंडेंसमोर मोठ्यांपेक्षा जास्त वेळ थांबतात, कारण ती अर्थ विचारत नाहीत. शिवाय जहांगीर फुकट आहे, तिथली प्रदर्शनं साधारण दर मंगळवारी बदलतात, आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः बसलेला असतो, मुलांनी प्रश्न विचारले तर छान बोलतो. बाहेर फुटपाथवर पण चित्रकार बसलेले असतात, तिथे त्याला हवा तेवढा वेळ थांबू दे.

श्रुती: भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम पण करायचं का? फोटो फार सुंदर आहेत

नीलिमा: सुंदर आहेच, पण तो वेगळा दिवस. एका दिवसात दोन जागा नीट आणि जहांगीर जाता जाता, एवढंच. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत डोळे दमलेले असतात आणि मग चांगलं चित्रसुद्धा दिसत नाही.

कुलकर्णी काका: हे पटलं. आमच्या वेळच्या सहलीत अकरा देवळं एका दिवसात, एकही आठवत नाही

नीलिमा: मग ठरलं. मी सोमवार सोडून फोन करते (सोमवारी उचलणारच नाहीत), ग्रुपला समजावून सांगणारं कुणी मिळतं का तेही विचारते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि शनिवारची डेक्कन क्वीन लगेच भरते, म्हणून नावं आणि वयं शुक्रवारपर्यंत मला पर्सनलवर पाठवा, इथे नको, इथे पाण्याच्या टँकरच्या मेसेजमध्ये हरवतात. आत्तापर्यंत काका, अलका काकू, श्रुती, प्रसादकडचे तिघे.

प्रसाद: चौघे. आई पण येतेय, हुसेन पंढरपूरचे म्हटल्यावर लगेच हो म्हणाली