गढूळपणा चढतो, बर्फातही उतरत नाही: संयुग ट्युब्युलिनला धरतंय की नुसता गाळ होतोय?

वक्ररेषा
डुकराच्या मेंदूतलं ट्युब्युलिन (हे प्रथिन जोडलं जाऊन पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल या नळ्या बनतात) २० मायक्रोमोलर, बीआरबी८० बफर, जोडणीला लागणारं १ मिलिमोलर जीटीपी, ३७ अंश. नवीन संयुगही २० मायक्रोमोलर, ते विरघळवणारा डीएमएसओ एकूण २ टक्के. ३४० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं माप) पहिल्या मिनिटापासून चढते, लॅग म्हणजे सुरुवातीचा थांबा दिसतच नाही, आणि दहा मिनिटांत ०.४५ वर सपाट होते. क्युव्हेट १५ मिनिटं बर्फात ठेवली तरी ०.४० च्या खाली येत नाही. या नळ्या स्थिर करणाऱ्या टॅक्सॉल औषधाचा कंट्रोलही जवळपास असाच. एवढ्यावर ‘मायक्रोट्यूब्यूल स्थिर करतं’ असं लिहायचं का? आणि जागा टॅक्सॉलचीच आहे हे कसं दाखवायचं?

पेलेट_की_सुपर
नाही लिहिता येणार. ओडी फक्त प्रकाश किती विखुरला ते सांगते. विखुरणारी वस्तू नळी आहे, उघडी पट्टी आहे की बिघडलेल्या प्रथिनाचा गोळा, हे तिला कळत नाही. साध्या नळ्या थंडीत सुटतात खऱ्या, पण बर्फाला दाद न देणं हे तर गाळाचंही लक्षण आहे. लॅग नसणंही तसंच.

आधी ट्युब्युलिनशिवाय तेच संयुग, तेवढाच डीएमएसओ, तेच तापमान असा ब्लँक चालवा. टॅक्सॉलसुद्धा पाण्यात फार विरघळत नाही. एकदम ओतलं की त्याच्या सुया बनतात, फ्लुओरेसंट ट्युब्युलिन त्यांना चिकटतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोट्यूब्यूलचे झुबके असल्याचा हुबेहूब भास होतो. म्हणून कंट्रोलमध्येही टॅक्सॉल टप्प्याटप्प्याने घाला: आधी २ मायक्रोमोलर, पाच-दहा मिनिटांनी १०, मग २०. दरवेळी हलक्या हाताने ढवळा, व्हॉर्टेक्स नको, नळ्या तुटतात.

मग एकाच नमुन्याचा ३४० ते ५०० नॅनोमीटरचा पट्टा घ्या आणि लॉग-लॉग आलेख काढा. लांब, बारीक नळ्यांचा उतार उणे ३ च्या आसपास येतो. मोठ्या गोळ्यांचा त्याहून सपाट. हा इशारा आहे, पुरावा नव्हे.

खरा निकाल पेलेटिंगचा, म्हणजे नमुना जोरात फिरवून नळ्या तळाशी (पेलेट) बसवण्याचा. ट्युब्युलिन वितळवल्यावर लगेच बर्फात ठेवा, ४ अंशाला अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मेलेलं प्रथिन काढून टाका आणि वरच्या द्रवाची सांद्रता पुन्हा मोजा. ही पायरी गाळली की पुढचे सगळे आकडे फसवे. मग २, ४, ८, १२, २० मायक्रोमोलर अशी मालिका लावा, संयुग सगळीकडे २५ मायक्रोमोलर. ३७ अंशाला ३० मिनिटांनी, आधीच कोमट केलेल्या रोटरमध्ये १,००,००० जी ला २० मिनिटं फिरवा. रोटर थंड असेल तर फक्त जीटीपीवर उभा असलेला कंट्रोल वाटेतच कोसळतो. वरचा द्रव आणि पेलेट दोन्ही जेलवर चालवा.

खरी जोडणी असेल तर वर उरलेलं ट्युब्युलिन एका पातळीवर थांबतं, एकूण कितीही वाढवा. ती क्रांतिक सांद्रता. ग्लिसरॉल नसताना, नुसत्या जीटीपीवर ती काही मायक्रोमोलर असते. टॅक्सॉलने १ च्या बरीच खाली जाते. गाळ असेल तर अशी पातळी सहसा येत नाही, एकूण वाढेल तसं वरचंही वाढत जातं.

नळीदार
वरच्याला जोड: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी निगेटिव्ह स्टेनची एक ग्रिड कराच. साधारण २५ नॅनोमीटर रुंदीच्या, कडा समांतर असलेल्या नळ्या दिसल्या की वाद मिटतो. नमुना पातळ करायचा तर कोमट बफरमध्ये, आणि त्या बफरमध्येही संयुग हवं. कॅल्शियमने नळ्या सुटतात का ही चाचणी करणार असाल तर बीआरबी८० मध्ये कॅल्शियम धरून ठेवणारं ईजीटीए १ मिलिमोलर आधीच आहे हे विसरू नका. ५ मिलिमोलर कॅल्शियम घातलं तर मोकळं सुमारे ४ उरतं.

एम_लूप
जागेबद्दल. टॅक्सॉल बीटा-ट्युब्युलिनवर, नळीच्या आतल्या बाजूला बसतं, डायमरमागे (अल्फा-बीटा जोडीमागे) एक रेणू. त्या खिशाला लागूनच एम-लूप हा प्रथिनाचा तुकडा आहे, आणि शेजारच्या प्रोटोफिलामेंटला (नळीतल्या डायमरच्या उभ्या साखळीला) धरणारा हात तोच. सुट्या डायमरमध्ये तो लोंबकळत असतो. एपोथिलोन ए आणि झॅम्पॅनोलाइड ही संयुगं त्या खिशात बसल्यावर त्याचं छोटं हेलिक्स बनतं, हे २०१३ च्या स्फटिकरचनांत दिसलं. गंमत म्हणजे अल्फा-ट्युब्युलिनमध्ये हाच खिसा एका लांब लूपने भरलेला असतो, म्हणजे त्याला टॅक्सॉल जणू घरचंच.

चाचणीसाठी ग्लुटाराल्डिहाइडने हलकेच जोडून पक्क्या केलेल्या मायक्रोट्यूब्यूल वापरा. त्यांवर फ्लुटॅक्स-२ (फ्लुओरेसंट टॅक्सॉल) बसवा आणि संयुग वाढवत नेऊन अ‍ॅनिसोट्रॉपी उतरते का बघा; फ्लुटॅक्स सुटलं की ती उतरते. पक्क्या नळ्या अशासाठी की स्पर्धा मोजताना जोडणीचा तोल मध्ये येत नाही.

दोन सापळे. लॉलिमलाइड आणि पेलोरुसाइड नळ्या स्थिर करतात, पण त्यांची जागा बाहेरच्या बाजूला. फ्लुटॅक्स हलत नाही म्हणून संयुग निकामी ठरवू नका. दुसरं, झॅम्पॅनोलाइड हिस्टिडिन २२९ शी सहसंयुज बंध करतं. अशा संयुगाचा आयसी५० (निम्मा परिणाम करणारी सांद्रता) वेळेनुसार घसरत जातो, त्यामुळे १० आणि ६० मिनिटं दोन्हीला मोजा.

वक्ररेषा
ब्लँक चालवला. ट्युब्युलिनशिवाय ०.१२. तेवढे वजा करून पुढे जाऊ का?

पेलेट_की_सुपर
वजाबाकी नको. ट्युब्युलिन संयुगाला धरून ठेवत असेल तर त्याच्या उपस्थितीत गाळ कमी पडेल. गाळावर चिकटत असेल तर जास्त. ०.१२ हा आकडा दोन्हीकडे लागू नाही. संयुग ३७ अंशाला बफरमध्ये अर्धा तास ठेवा, फिरवा, वरच्या द्रवात किती उरलं ते एचपीएलसीवर मोजा. समजा ६ मायक्रोमोलर उरलं, तर ५ मायक्रोमोलर संयुग आणि ५ मायक्रोमोलर ट्युब्युलिन घेऊन पेलेटिंग करा. एवढ्याशा ट्युब्युलिनमध्ये नुसत्या जीटीपीचा कंट्रोल जवळपास कोराच राहतो, त्यामुळे फरक उलट जास्त स्वच्छ दिसेल.

नळीदार
आणि पेशींवर जाताना हे आकडे सोबत नेऊ नका. पेशी टॅक्सॉल आत शेकडो पटींनी साठवतात. माध्यमात १० नॅनोमोलरच्या आसपास असतानाच मायटोसिस (पेशीविभाजन) अडकतं, तेही नळ्यांचं एकूण प्रमाण फारसं न वाढता, कारण तेवढ्यात त्यांची वाढ-घट मंदावलेली असते. २० मायक्रोमोलरला दिसणारे जाड जुडगे हा वेगळाच प्रकार.