मदत हवी आहे: रोहू-कटल्याला लाल चट्टे, प्रोबायोटिक किती घालू? अर्जंट

शिरोळचा_पोरगा: मंडळी लवकर सांगा. चार दिवस झाले मासे मरायला लागलेत, आज सकाळी अकरा काढले. अंगावर लाल चट्टे, पराच्या बुडाशी रक्त उतरल्यागत, दोघांचं पोट फुगून खवले उभे राहिलेत. दुकानदारानं प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जीवाणूंची, पुडी दिली, म्हणाला बरे होतील. खाद्यात घालू का पाण्यात? किती?

करवीर_मत्स्य: दादा, केवढं तळं, किती बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, आधी काय टाकलंय, काहीच लिहिलं नाहीस. पुडीवर कुठले जीवाणू लिहिलेत, तारीख कधीची?

शिरोळचा_पोरगा: 30 बाय 30 मीटरचं प्लास्टिकच्या कागदाचं शेततळं. पुडीवर बॅसिलस सबटिलिस आहे. डोस सांगा की राव.

काळी_माती: भावा पुडीला पैसे कशाला घालवतोस, शेण-गुळाचं 200 लिटर जीवामृत सोड. आपल्या कोल्हापुरी गुळावर जीवाणू असे वाढतात बघ, माझा ऊस त्यावरच आहे सात वर्षं.

करवीर_मत्स्य: काका, उसाचं वेगळं. तळ्यात ताजं शेण नि गूळ गेला की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. आधीच आजारी मासे, पहाटे वर येऊन मरतील.

काळी_माती: आमच्या वडिलांनी विहिरीत मासे पाळले, शेणच टाकायचे, कधी मेले नाहीत.

कागल_कर: विहिरीत दहा मासे असतील काका. पोरा, सरळ अँटिबायोटिक दे, माणसाचं चालतं तसं माशाला चालतं.

तळ्यावरची_ताई: नको हो! क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान तर मत्स्यशेतीत बंदच आहेत, आणि कुठलंही अँटिबायोटिक मत्स्य डॉक्टरला न विचारता देऊ नये. शिवाय त्यानं प्रोबायोटिकचे जीवाणूही मरतात, मग पुडी कशाला घालायची? शिरोळ दादा, किती सोडली ते सांगा आधी.

शिरोळचा_पोरगा: 3000 सोडली. परवा चुना टाकला, काल जंतू मारायचं परमँगनेट. पहाटे सगळे वर येऊन तोंड उघडतात.

तळ्यावरची_ताई: अहो मग हेच आधी सांगायचं होतं. 900 चौरस मीटर म्हणजे नऊ गुंठे. रोहू-कटल्याचं हेक्टरी 5 ते 10 हजार बसतं, म्हणजे तुमच्यात जास्तीत जास्त 900. तिप्पट गर्दी झाली. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया वाढतो, वर चुन्यानं पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. अंगावरचं लक्षण एरोमोनास हायड्रोफिला जीवाणूचं दिसतंय, तो पाण्यात असतोच, मासा अशक्त झाला की धरतो. खात्री तपासूनच होईल, तोवर पाण्याचा पीएच, अमोनिया आणि विरघळलेला ऑक्सिजन तपासा. ऑक्सिजन लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली नको.

आता पुडीचं. ती लागलेल्या रोगावरचं औषध नाही. बॅसिलस आतड्यात जागा धरतो, रोगजंतूला चिकटू देत नाही, त्याच्याविरुद्धचे पदार्थ सोडतो, माशाची प्रतिकारशक्ती वाढवतो. त्याला दिवस लागतात आणि मासा खात असला पाहिजे, आजारी मासा तर खाद्याकडे फिरकतही नाही. काल परमँगनेट टाकलंय, तर पाण्यात आज पुडी टाकलीत तर तीही मेली. आज खाद्य बंद, मेलेले काढून लांब खड्ड्यात पुरा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, रोज थोडं थोडं ताजं पाणी घ्या. मासे खायला लागले की पुडीवरच्या मापानं, थोडं तेल नाहीतर भाताची थंड पेज लावून खाद्याला चोळा, सावलीत सुकवून त्याच दिवशी संपवा. गरम खाद्यात नको.

नदीकाठ: शिरोळच्या क्षारपड जमिनीत कोळंबी करा, रोहूपेक्षा भाव चांगला येतो, त्यालाही प्रोबायोटिक वापरतात.

करवीर_मत्स्य: दादा, त्याचे मासे मरतायत, कोळंबी नंतर.

शिरोळचा_पोरगा: ताई, एरेटर भाड्यानं आणतोय आत्ता. खाद्य कालपासून बंदच आहे, खात नव्हतेच. चुलत्याचं तळं रिकामं आहे शेजारी, पाणी आहे त्यात. 1000 मासे आजच तिकडं सोडू का? गर्दी कमी होईल.

तळ्यावरची_ताई: चट्टे असलेला एकही तिकडं नको. वरवर निरोगी दिसणारे हलवलेत तरी रोग जाऊ शकतो. आधी कल्ले बघा, कुठले लालभडक आहेत आणि कुठले फिकट पडलेत. मगच ठरवा, आणि जाळं धुऊन उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय चुलत्याच्या तळ्यात घालू नका.